सुलूताईंच्या दारातली मोटर

दुकानात गिऱ्हाईक आलं की सुलूताई आधी त्याला गप्प करायच्या. सेल्फ लागत नाही म्हणून मोटरसायकल ढकलत आलेला माणूस घामाघूम झालेला, वैतागलेला असतो आणि गाडीची सगळी कर्मकहाणी त्याला एका दमात सांगायची असते. सुलूताई हात वर करून म्हणायच्या, "थांबा. तुमचं मागून ऐकते, आधी गाडीचं ऐकू द्या." मग त्याचं मनगट धरून त्याचा तळहात इंजिनाजवळच्या सेल्फच्या मोटरवर ठेवायच्या आणि स्वतः हँडलवरचं बटण दाबायच्या. "काय लागलं हाताला? धक्का, का नुसती टकटक, का कायच नाय?" परक्या बाईने भर रस्त्यात मनगट धरल्यामुळे माणूस लाजून अर्धा झालेला असायचा. टकटक मोटरमध्ये होतेय की आपल्या छातीत, हेही पुष्कळांना सांगता यायचं नाही.

त्यांचं पूर्ण नाव सुलोचना मगरे. माहेर, सासर दोन्ही बिडकीनकडचं. जुन्या मोंढ्याकडून आत वळणाऱ्या आमच्या गल्लीत सगळी गाड्यांच्या कामाची दुकानं. माझं बॅटरीचं, समोर सलीमभाईंचं सीट कव्हरचं, आणि मला लागून मगरे मिस्त्रींचं ऑटो इलेक्ट्रिकचं. मिस्त्री होते तेव्हाही मोटरच्या पोटातली तांब्याची तार गुंडाळण्याचं, म्हणजे वाइंडिंगचं, किचकट काम सुलूताईच घरी बसून करायच्या आणि नाव मिस्त्रींचं व्हायचं. मिस्त्री अचानक गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत सर्वात आधी वर गेलेलं शटर सुलूताईंचं होतं. दिराने दुकान भाड्याने द्यायला माणूस आणला होता. त्याला त्यांनी चहा पाजला आणि जुन्या पाटीवर नवी पाटी ठोकायला शिडी धरायला लावली. पाटीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

हे मी आज लिहितोय त्याचं कारण सरळ सांगतो. सुलूताईंनी दुरुस्त केलेल्या सेल्फमुळे व्यापारी संघाच्या अध्यक्षांची गाडी जळाली, असं आमच्या गल्लीत अजूनही सांगतात. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण ही गोष्ट बदलली नाही. ती खोटी आहे. ती इतकी वर्षं टिकली, कारण ती मोडायची ताकद ज्याच्या दुकानात होती तो माणूस गप्प बसला. तो माणूस मी.

पण आधी सुलूताई कशा होत्या ते सांगू द्या. त्या गेल्यावर त्यांना भलतंच काहीतरी करून ठेवायचं चाललंय.

"मिस्त्री कुठायत?" असं कुणी दारातून विचारलं तर त्या मान वर न करता म्हणायच्या, "मिस्त्रीच बोलायलीय. गाडी कुठाय?" मिसरी लावायच्या, मोबाइलवर भीमगीतं मोठ्याने लावायच्या, आणि माझ्या दुकानाचा पत्रा त्यांच्या बाजूला वीतभर पुढे आला म्हणून त्यांनी माझ्याशी अख्खा उन्हाळा भांडण केलं होतं. भांडताना मला त्या 'शेठ' म्हणायच्या. एरवीही 'शेठ'च म्हणायच्या, पण भांडताना त्या शब्दाला धार असायची.

कामाची रीत मात्र कधी बदलली नाही. इतर दुकानांत सेल्फ बंद म्हटलं की मोटर खोलायचे किंवा सरळ नवी टाकायचे. सुलूताई बॅटरीपासून सुरुवात करायच्या. "आधी उपाशी हाय का बघा, मग आजारी म्हणा." टेस्टरचा बल्ब लावून बॅटरी बघायच्या, मग तिच्यापासून निघालेल्या तारा, मग बटण दाबल्यावर मोटरला वीज सोडणारा रिले. रिलेच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवायच्या. ठिणगी उडून मोटर फिरली तर मोटर निर्दोष, खोट बटणात नाहीतर रिलेत. हे सगळं झाल्यावरही मोटर हलली नाही तरच त्या तिला हात घालायच्या. "नवं टाकणं म्हणजे खरेदी झाली, शेठ. दुरुस्ती नव्हं ती." हे त्या मला उद्देशून म्हणायच्या. नवी बॅटरी घ्यायला माझ्याकडे निघालेली किती माणसं त्यांनी मधेच अडवून जुनीच बॅटरी चार्ज करून परत पाठवली असतील!

एकदा फुलंब्रीचा एक जण नटवलेली गाडी घेऊन आला. लग्न ठरलं म्हणून त्याने गाडीचा सांगाडा नव्याने रंगवून घेतला होता आणि त्या दिवसापासून सेल्फ मेला होता. दोन दुकानांनी त्याला मोटर बदलायला सांगितलं होतं. सुलूताईंनी त्याचा हात मोटरवर ठेवला, बटण दाबलं, आणि सांगाड्याला जिथे बॅटरीची काळी तार बोल्टने आवळलेली असते तिथे वाकून बघितलं. बोल्टखालीही चकचकीत लाल रंग होता. त्यांनी बोल्ट सोडला, ब्लेडने तेवढ्या जागेचा रंग खरवडून खालचं लोखंड उघडं केलं आणि बोल्ट आवळला. गाडी एका बटणात सुरू. "नवरदेव केलं गाडीला, पण रंगावर अर्थिंग बसत नाय, पाव्हणं. लोखंडाला लोखंड लागाय पायजे." तो म्हणाला, "ताई, लग्नाला यायचं बरं का." त्यावर सुलूताई म्हणाल्या, "येते. पण बायकोला आधीच इतका रंग देऊ नका."

काम संपलं की त्यांची एक खूण असायची. मोटर आवळणाऱ्या दोन लांब बोल्टांच्या डोक्यावर त्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायच्या. बोल्ट कुणी फिरवला तर ठिपका फुटतो. पुढे तक्रार आली तर आपल्यानंतर दुसऱ्या कुणी मोटर उघडली का, ते एका नजरेत कळतं. गल्लीतली माणसं त्यावरून हसायची. "हसा," त्या म्हणायच्या, "तुम्ही दसऱ्याला अवजारांना कुंकू लावता, मी पॉलिश लावते. माझं पुसलं तर कळतं तरी."

संघाशी त्यांचं बिनसलं ते सत्कारावरून. महिला दिनाला अध्यक्षांनी, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, सुलूताईंना साडी-चोळी द्यायचं ठरवलं. निमंत्रणावर छापलं होतं, 'कै. मगरे मिस्त्री यांच्या पत्नी'. सुलूताई आल्या, मांडवात उभ्या राहिल्या, आणि साडीचं ताट हातात न घेता म्हणाल्या, "साडी हाय माझ्याकडं. मला संघाचं सभासद करा. दुकान मी चालवते, मग मत मिस्त्रीच्या नावावर कामून? त्यांना जाऊन वर्षं झाली, ते काय येणारेत का मत द्यायला?" मांडव हसला. भाऊ हसले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी भाऊंच्या मोटरसायकलचा सेल्फ बंद पडला. त्यांचा माणूस मुकाट्याने गाडी सुलूताईंकडेच घेऊन आला, कारण काम कुणाचं चांगलं हे सगळ्यांना माहीत होतं. फिरत्या भागाला वीज पोचवणारे मोटरच्या आतले कार्बन झिजले होते. सुलूताईंनी ते बदलले, ठिपके दिले आणि गाडी पाठवली. पुढच्याच आठवड्यात भाऊंच्या पुतण्याने, ज्याचं गल्लीच्या तोंडाशी गाड्या सजवायचं दुकान होतं, त्याच गाडीला मोठे दिवे आणि कर्कश हॉर्न बसवला. आणि एका दुपारी क्रांती चौकाजवळ गाडीने पेट घेतला. भाऊ उडी मारून बाजूला झाले म्हणून वाचले.

जळकी गाडी टेम्पोत घालून गल्लीत आणली ती थेट सुलूताईंच्या दारात. मागोमाग सगळी गल्ली. पुतण्या ओरडत होता, "बाईच्या हातचं काम! सेल्फचं वाइंडिंग जळालं, त्यानं आग लागली." सुलूताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. हँडलजवळ, टाकीच्या खाली सगळं वितळून गेलं होतं. खाली इंजिनाजवळ नुसती काजळी होती. त्यांनी सर्वांसमक्ष मोटर सोडवून बाहेर काढली. बाहेरून कोळशासारखी काळी.

"वाइंडिंग जळालं म्हणता ना? जळालेली मोटर फिरत नसती. इथंच बॅटरी लावून फिरवू. फिरली नाय तर गाडी भरून देते." मग स्वतःच्या दुकानातली बॅटरी आणायला वळलेल्या त्या थांबल्या. "नको. माझी बॅटरी लावली तर म्हणाल बाईनं काय तरी केलं. शेजाऱ्याची लावा. शेठ, एक भरलेली बॅटरी द्या हो. दोन मिनिटाचं काम हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊही. भाऊंच्या सगळ्या टेम्पोंच्या बॅटऱ्या माझ्याकडून जायच्या. मोटर फिरली असती तर आगीचा दोष पुतण्याच्या तारांवर गेला असता, हे मला कळत होतं आणि भाऊंनाही कळत होतं.

मी म्हणालो, "ताई, सगळ्या कोरड्या आहेत. अ‍ॅसिड भरायचंय अजून."

नवी बॅटरी दुकानात कोरडी येते, विकताना तिच्यात अ‍ॅसिड भरतात. त्यामुळे वाक्य पटण्यासारखं होतं. पण माझ्या पाठीमागे चार्जरवर एक बॅटरी भरून तयार होती आणि चार्जरचा हिरवा दिवा लागला होता. सुलूताईंनी तो दिवा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "चला, नाटकं बास झाली," आणि गर्दी पांगली. सलीमभाई दुकानात जाऊन मशिनीवर बसले, पण मशिनीचा आवाज काही आला नाही.

गर्दी पांगेपर्यंत सुलूताईंनी आतून नेलपॉलिशची बाटली आणली होती. काजळी पुसून त्यांनी त्या दोन बोल्टांवर नवे ठिपके दिले, पाठमोऱ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता ही कुणी उघडली तर कळंल. मी उघडली तरी कळंल," आणि दाराच्या वर, पत्र्याखालच्या हुकाला ती मोटर टांगली. मी शटर ओढत होतो. मला त्या म्हणाल्या, "शेठ, तुमची बॅटरी भरली की सांगा."

त्यांनी स्वतः बॅटरी लावून ती कधी फिरवून पाहिली नाही. सलीमभाईंनी एकदा म्हटलं, "फिरवून टाक ना बाई, तेरा तो दिल ठंडा होगा." त्या म्हणाल्या, "मला माहितेय ती फिरती. मला कशाला दाखवू? ज्यांनी बघायचं व्हतं त्यांनी पाठ केली." दर दसऱ्याला गल्ली अवजारांना हळद-कुंकू लावायची. सुलूताई पूजा करत नसत. त्या दिवशी त्या स्टुलावर चढून मोटरच्या दांड्याला तेलाचे थेंब सोडायच्या आणि दांडा हाताने फिरवून परत खाली उतरायच्या. बोल्टांना हात लावत नसत. गल्लीला वाटायचं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

शहरातली गिऱ्हाइकं तुटली. संघाने कधीच सभासद करून घेतलं नाही. बिडकीन, फुलंब्री, देवगाव रंगारीकडची माणसं मात्र येत राहिली. त्यांना भाऊ कोण ते माहीत नव्हतं. सुलूताई माझ्याशी बोलायच्या, पाणी मागायच्या, पत्र्यावरून भांडायच्याही. आणि मधेच, महिन्या-दोन महिन्यांनी, हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "का हो शेठ, भरली का बॅटरी?" गिऱ्हाइकाला वाटायचं साधी चौकशी चाललीय. मी म्हणायचो, "बघतो." दर वेळी तेच.

गुडघे गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि बिडकीनला मुलीकडे, प्रज्ञाकडे राहायला गेल्या. प्रज्ञा तिथल्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करते. शटर बंद झालं, हुकाला मोटर तशीच. मला वाटलं होतं, विचारणारं माणूस गेलं की प्रश्न जाईल. उलट दुकान उघडताना रोज मीच तो स्वतःला विचारायला लागलो. शेवटी एका सकाळी मी हुकावरून मोटर काढली, एक भरलेली बॅटरी घेतली आणि रिक्षाने बिडकीनला गेलो.

सुलूताई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी बॅटरी समोर ठेवली. म्हणालो, "ताई, भरली." त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पालटला.

"मोटर काढली? कुणाला इचारून?"

"म्हटलं, तुमच्या समोर फिरवावी."

"माझ्यासमोर? मला काय शंका व्हती का? शेठ, खोटं गल्लीत बोललात आन् खरं बोलायला माझ्या ओट्यावर आलात? इथं कोण बघणार, ही शेळी?" दारात खरंच शेळी बांधलेली होती. "जावा. जिथनं काढली तिथं टांगा आधी."

"ताई, माझं वय झालं. मनावर ओझं आहे."

"मग उचला की. मी कशाला उतरवू?"

चहा मात्र दिला. तोही पूर्ण कप. परत येऊन मी मोटर हुकाला टांगली. गल्लीत फिरवायचं ठरवलं, पण अतुल, माझा मुलगा, संघाचा चिटणीस होणार होता. भाऊ अजून अध्यक्ष होते. "निवडणूक होऊ द्या बाबा," तो म्हणाला. मी ऐकलं. निवडणूक झाली. त्या हिवाळ्यात सुलूताई गेल्या.

संघाने गल्लीत शोकसभा ठेवली आणि मोठा फलक लावला. त्यावर लिहिलं होतं: 'मायाळू, क्षमाशील, मनमिळाऊ'. जिवंतपणी ज्यांना सभासद केलं नाही त्यांना मेल्यावर क्षमाशील केलं, म्हणजे सगळ्यांची सोय झाली. मला शेजारी म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, दुकानात गेलो, चार्जरवरची बॅटरी उचलली आणि मांडवातल्या टेबलावर आणून ठेवली. मग स्टूल घेतलं.

"बाबा, बसा," अतुल हळूच म्हणाला.

"बसलोच होतो आजवर," मी म्हणालो, आणि मोटर खाली काढली.

प्रज्ञा पुढे आली. तिने बोल्टांवरचे ठिपके सगळ्यांना फिरवून दाखवले. रंग विटला होता, पण एकही तडा नव्हता. भाऊ खुर्चीत ताठ झाले. मी म्हणालो, "त्या दिवशी ताईंनी बॅटरी मागितली. मी कोरडी म्हणालो. भरलेली होती. मी भाऊंना घाबरलो." एवढंच बोललो. मग बॅटरीची एक तार मोटरच्या अंगाला लावली आणि दुसरी तिच्या टोकावर टेकवली.

काहीच झालं नाही.

मागून कुणीतरी हसलं. पुतण्या म्हणाला, "जळालेलीच आहे, सांगत होतो ना." प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "काका, आई काय म्हणायची? आधी उपाशी का बघा." मी टेस्टरचा बल्ब लावला, बॅटरी भरलेली होती, बल्ब झगझगीत पेटला. मग माझं लक्ष तार लावलेल्या जागेकडे गेलं. तिथे आगीची काजळी होती, टणक, जणू रंगाचा थर. मी ब्लेड मागितलं. सलीमभाईंनी सीट कापायचं ब्लेड दिलं. बोटभर जागा चकचकीत होईपर्यंत मी ती खरवडली, तार पुन्हा लावली आणि दुसरी टेकवली.

ठिणगी उडाली. मोटर गुरगुरली आणि टेबलावरच अशी उसळली की प्रज्ञाने दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं. मी तार सोडली नाही. संपूर्ण मांडव ती ऐकत होता. मोकळ्या हाताने मी पुढे आलेल्या पुतण्याचं मनगट धरून त्याचा तळहात मोटरवर ठेवला. "काय लागलं हाताला?"

त्याने हात ओढून घेतला. सलीमभाई म्हणाले, "बाई सच बोल री थी. हमीच मुंडी नीचे कर को बैठे थे." भाऊ उठले. "आता याचा काय उपयोग?" म्हणाले आणि गेले. त्यांच्यामागे निम्मा मांडव गेला. जाताना मात्र जो तो टेबलाकडे बघून गेला.

मी प्रज्ञाला मोटर द्यायला लागलो. तिने घेतली नाही. आईसारखंच बघितलं तिने माझ्याकडे. "आमच्या दाराला लई दिवस व्हती. आता तुमच्या दाराला टांगा, काका."

तेव्हापासून ती माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली आहे. भाऊंचे टेम्पो आता दुसरीकडून बॅटऱ्या घेतात. अतुलने दोनदा ती काढायचा विषय काढला; मी त्याला सांगितलं, आधी मला काढ. आणि तो फलक मी स्वतः उतरवला. सुलूताईंनी मला क्षमा केलेली नाही. तसं कुणी लिहिलं तर तेही खोटं आहे, आणि आता मी खोट्याला बॅटरी पुरवणार नाही.

दसऱ्याला गल्लीत हळद-कुंकू चाललं होतं तेव्हा मी स्टुलावर चढलो, दांड्याला तेलाचे थेंब सोडले आणि तो हाताने फिरवला. बोल्टांना हात लावला नाही.